बहाराचं इंजेक्शन

निखिलराव कुंभोजकरांना एकसष्टाव्या वर्षी पुन्हा मिसरूड फुटलं. दुसरा शब्द नाही त्याला. सांगलीच्या विश्रामबागेत राहणारा, ठिबक सिंचनाची एजन्सी मुलाच्या हाती सोपवून नुकताच मोकळा झालेला, रक्तदाब आणि गुडघे यांपलीकडे कशावर न बोलणारा हा माणूस. तो त्या वर्षी आरशासमोर उभा राहून भांग पाडू लागला, आंघोळ करताना शीळ घालू लागला आणि बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असली की उगाच पाणी प्यायला येऊ लागला. माणूस दिवसातनं पाणी पिऊन पिऊन पिणार तरी किती?

कारण होतं एक इंजेक्शन. कंपनीने ठेवलेलं त्याचं नाव जिभेला वळसे घालणारं होतं, म्हणून आपल्याकडच्या लोकांनी डाळिंबाच्या बागांवरनं त्याला बहाराचं इंजेक्शन म्हणायला सुरुवात केली. पुढेपुढे डॉक्टरसुद्धा तसंच म्हणायला लागले.

यामागचं विज्ञान अवघड नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढ्या जागेत पेशींचा एक पुंजका असतो, आणि माणसाची कामेच्छा तिथून उठते. वय झालं की या पेशी मरतात, अशी सगळ्यांची समजूत होती. त्या मरत नाहीत, असं नंतर दिसून आलं. त्यांच्याभोवती एका प्रथिनाचं जाळं साचत जातं आणि त्या एकमेकींना हाका मारायच्या थांबतात, एवढंच. इंजेक्शन ते जाळं विरघळवायचं. आधीची औषधं नुसतं शरीर उभं करायची, मनाचं ज्याचं त्याने बघावं. या औषधाने मुळात इच्छाच जागी व्हायची, आणि ती बायकांची आणि पुरुषांची सारखीच.

"हेमा, तूही घेऊन टाक," निखिलराव म्हणाले. लस घेऊन टाक म्हणावं तसं.

हेमांगी छप्पन्न वर्षांची होती. तिने घेतलं. एकतर नवऱ्याला नाही म्हणायची सवय नव्हती, आणि दुसरं म्हणजे, खरं सांगायला काय हरकत आहे, तिला बघायचं होतं. पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. आपल्यातलं ते सगळं संपलं, असं तिने स्वतःला सांगून टाकलं होतं. संपलंय की नुसतं निजलंय, हे कुणाला बघावंसं वाटणार नाही?

दोन आठवड्यांनी एका दुपारी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीची घडी करताना तिला स्वतःच्याच अंगाची चाहूल लागली. उन्हाने तापलेलं कापड पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली. विशीत असायचं तसंच होतं ते, उलट जास्तच, कारण आता त्यात भीती नव्हती. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. अगं बाई, म्हणजे आहे अजून, असं ती मोठ्याने म्हणाली आणि मग शेजारच्या गॅलरीत कुणी नाही ना, ते बघून हसली.

संध्याकाळी निखिलराव आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुकानाचं शटर खाली यावं तसं सगळं धाडकन बंद झालं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. मग महिनाभर तेच. एकटी असली की अंग जिवंत, आणि हा माणूस जवळ आला की लाकूड.

"तुला लागू पडलेलं दिसत नाही," निखिलराव हिरमुसून म्हणाले.

"नसेल पडलं," ती म्हणाली.

खरं कारण तिला ठाऊक होतं. ते दहा वर्षांपूर्वीचं होतं, तारकर्लीचं. चार मित्र, चौघांच्या बायका, रिसॉर्टच्या अंगणात खुर्च्या टाकून गप्पा चाललेल्या. हेमांगी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची. मुलगा शिकायला बाहेर गेलेला, घर रिकामं, आणि तिच्या अंगात का कोण जाणे, उधाण आलेलं. काही बायकांना त्या वयात येतं. तिने सगळ्यांच्या नकळत टेबलाखाली नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. निखिलरावांनी तो हात मनगटाला धरून वर काढला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "बघा रे, हिला या वयात सुचतंय! पोरगा लग्नाला आला, आता तरी माझी सुटका कर म्हणावं."

सगळे हसले. हेमांगीही हसली. दुसरं काय करणार होती? खोलीत गेल्यावर निखिलराव कुशीवर वळून दोन मिनिटांत घोरायला लागले, आणि ती छताकडे बघत पडली. गोष्ट तिथेच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण तो किस्सा मित्रांना फारच आवडला. पुढे कित्येक वर्षं, कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या वास्तुशांतीला, कुणीतरी म्हणायचंच, "निख्या, जपून रे, वहिनी शेजारी बसल्यात." आणि निखिलराव गुडघे जवळ ओढून घ्यायचे.

त्यानंतर तिने आपणहून कधी हात पुढे केला नाही. दोन वर्षांनी निखिलरावांच्या आईला, आक्कांना, पक्षाघात झाला. हेमांगीने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली आणि ती आक्कांच्या खोलीत झोपायला गेली. सात वर्षं झोपली. आक्कांना बाहेरची बाई चालायची नाही. अंग पुसायला, कूस बदलायला, घास भरवायला हेमाच लागायची. लोकांना वाटायचं, काय हाल आहेत बिचारीचे. हाल होतेच. पण त्या खोलीत तिला जे मिळालं ते घरात दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं.

एकदा आक्कांचे केस विंचरताना तिचा बांध फुटला आणि तिने तारकर्लीचं सगळं सांगून टाकलं. सासूला. नवऱ्याच्या आईला. कोण सांगतं असं? आक्का ओठ वाकडे करत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "माझ्या पोटचा आहे... पण गाढव आहे." मग म्हणाल्या, "एकोणचाळिसाव्या वर्षी कुंकू गेलं माझं. सगळ्यांनी विचारलं, पोरांचं कसं होणार. तुझ्या अंगाचं कसं होणार, ते कुणी विचारलं नाही गं." आणि चांगल्या हाताने त्यांनी हेमाचं बोट घट्ट धरलं. दोघी रडल्या, मग दोघी हसल्या. त्या दिवसापासून आक्का तिची सासू राहिल्या नाहीत, मैत्रीण झाल्या. त्या गेल्या तेव्हा हेमांगी पोरकी झाल्यासारखी रडली होती.

तर निखिलरावांनी आता मिरज गाठायचं ठरवलं. मिरजेत एक नवं केंद्र निघालं होतं. तिथे डोक्यावर जाळीची टोपी घालून मेंदूतल्या इच्छेचा हिशोब मांडून द्यायचे, वयाचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, असा वेगवेगळा.

डॉ. सबा मुजावर पस्तिशीची, मऊ आवाजाची, मिरजेतच वाढलेली मुलगी होती. पडद्यावर दोन रंगीत डाग दाखवत ती म्हणाली, "काकू, इच्छेला मेंदूत दोन रस्ते असतात. एक पुढे ढकलतो, दुसरा अडवतो. वयाने पहिला मंदावतो, तो तुमचा इंजेक्शनने अगदी ठणठणीत झालाय. पण दुसरा बघा. गाडी सुरू आहे आणि हँडब्रेक ओढून ठेवलाय. हा वयाचा भाग नाही. कुठल्या तरी आठवणीचा आहे."

"त्यावर उपाय?" निखिलरावांनी विचारलं.

उपाय होता. आठवण म्हणजे काही कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आठवलं की मेंदू ती उकलतो आणि पुन्हा बांधून ठेवतो. उकललेली असताना एक औषध दिलं तर घटना जशीच्या तशी परत बांधली जाते, पण तिला चिकटलेली भावना बाहेर राहते. माणसाला सगळं आठवतं, फक्त आठवून काही होत नाही. युद्धावरून आलेल्या सैनिकांसाठी हे शोधलं होतं. मग हळूहळू नवरा-बायको यायला लागले.

"फक्त एक आहे," डॉ. सबा म्हणाली. "औषधाला चांगलं-वाईट कळत नाही. जी आठवण तुम्ही उकलाल तिच्यातलं दुःख जाईल, मायाही जाईल. म्हणून नेमकी आठवण कोणती, ते तुम्हीच सांगायचं. काकू, काय आहे ते?"

हेमांगीने तोंड उघडलं.

"तिला काय विचारता, मी सांगतो," निखिलराव म्हणाले. "माझ्या आईचं आजारपण. सात वर्षं हिने गू-मूत काढलंय, डॉक्टर. मला काय दिसत नव्हतं? बाई पिचून गेली. त्यातच सगळं मेलं. माझ्या आईचं देणं हिने फेडलं, आणि मी काही करू शकलो नाही." त्यांनी रुमालाने डोळे पुसले. खोटं नव्हतं ते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"काकू, बरोबर आहे का? तुमच्या तोंडून हवंय मला."

आता इथे कुणीही म्हणेल, अगं, बोल की बाई! तोंडाला कुलूप लागलंय का? पण बत्तीस वर्षं दवाखान्यात, बँकेत, शाळेत, हॉटेलात हेमांगीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर निखिलरावांनी दिलं होतं. वहिनींना चहा की कॉफी, याचंसुद्धा. आणि उत्तर चुकीचं असलं तरी चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिच्या हाडीमांसी होतं. शिवाय खरं सांगायचं तर या परक्या पोरीसमोर तो गुडघा आणि ते मनगट काढावं लागणार. शेजारी डोळे पुसणारा नवरा. आणि तिला वाटलं, आजारपणातला शीण गेला तर गेला, माझं काय बिघडणार आहे?

"हो," ती म्हणाली. "हे म्हणतायत ते बरोबर आहे."

टोपी चढली, शिरेत सुई गेली. डॉ. सबा म्हणाली, "आता त्या खोलीत जा. जितकं स्पष्ट आठवेल तितकं चांगलं." आज्ञाधारक हेमांगी गेली. औषधांचा वास, चादरीच्या सुरकुत्या, पाठीवरचं लालसर झालेलं कातडं. पण आक्का एकदा डोळ्यांसमोर आल्यावर त्या एकट्या कशा येतील? विंचरलेले केस आले. वाकडे ओठ आले. घट्ट धरलेलं बोट आलं. हे नको, हे नको, असं म्हणेपर्यंत मऊ गुंगी चढली आणि सगळं नीटनेटकं बांधून परत गेलं.

हँडब्रेक जिथल्या तिथेच राहिला. राहणारच होता. निखिलराव म्हणाले, वेळ लागत असेल. हेमांगी म्हणाली, लागत असेल. आणि दोन महिन्यांनी आक्कांचं वर्षश्राद्ध आलं.

नणंद सुजाता कोल्हापूरहून आली. पानं उठल्यावर ती आईच्या खोलीत गेली आणि दारातच हुंदके द्यायला लागली. "वहिनी, तुला आठवतं? तू नसलीस की ती घास गिळायची नाही." हेमांगीला आठवत होतं. बारीकसारीक, एकूण एक. तिने सुजाताच्या पाठीवर हात ठेवला आणि रडू येण्याची वाट बघितली. आलं नाही. तिने मुद्दाम तो दिवस काढला, केस विंचरण्याचा. तुझ्या अंगाचं कसं होणार, ते कुणी विचारलं नाही गं. शब्द होते, आवाज होता, बोटावरची पकडसुद्धा होती. शेजारच्या बाईने आपल्या सासूची गोष्ट सांगावी आणि आपण भाजी निवडत हुं हुं करावं, तितकंच वाटलं तिला.

सुजाताने तिच्या कोरड्या डोळ्यांकडे बघितलं आणि पाठीवरचा हात बाजूला केला. "तुझी सुटका झाली, नाही का," ती म्हणाली.

हेमांगी दुसऱ्या दिवशी एकटी मिरजेला गेली. रिक्षा करून, कुणाला न सांगता. बत्तीस वर्षांतली ही पहिली वेळ.

"ते परत आणता येईल का?"

डॉ. सबाचा चेहरा उतरला. "नाही काकू. बांधलं गेलं ते." मग ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तुम्ही हो म्हणालात."

"तुला नव्हते म्हणत गं. ह्यांना म्हणत होते." आणि मग हेमांगीने त्या परक्या पोरीला सगळं सांगितलं. आक्कांनंतर हे ऐकणारं दुसरं माणूस तीच. डॉ. सबाने मान खाली घालून ऐकलं, आणि शेवटी म्हणाली ते एवढंच, की ती आठवण अजून शाबूत आहे, ठरवलंत तर तीही काढता येईल, पण या वेळी काका खोलीबाहेर बसतील.

ठरवायचं होतं तिला. घरी येऊन तिने निखिलरावांपुढे चहा ठेवला, समोर बसली आणि तारकर्लीपासून कालच्या श्राद्धापर्यंत सगळं एका दमात बोलून टाकलं. निखिलराव आधी हसले. "एवढ्यावरून? अगं, गंमत होती ती!" मग त्यांना उपाय सुचला. "मग सोपंच आहे की. ती आठवण काढून टाकू. उद्याच जाऊ."

"नाही," हेमांगी म्हणाली. "आक्का गेल्या माझ्या. आता हे तरी माझ्यापाशी राहू दे. ते गेलं की तुम्ही हात लावाल आणि मला काही वाटणार नाही, आणि त्यालाच तुम्ही बरं झालं म्हणाल. तुम्ही काय केलंत ते आधी तुम्हाला कळू दे. मग बघू."

निखिलरावांना राग आला. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला, स्पीकरवरनं त्याने वहिनींचा नेहमीचा विनोद केला, आणि हेमांगीने पाहिलं की निखिलराव हसले नाहीत. फोन ठेवून ते खुर्चीत नुसते बसून राहिले. त्यांच्यात काहीतरी शिरलं होतं, आणि ते आतून कुरतडू लागलं. जेवण कमी झालं. शीळ बंद झाली. पाणी प्यायला येणं बंद झालं. तिच्याकडे बघताना ते नजर चोरू लागले. इंजेक्शनाने जागं केलेलं अंग एकीकडे ओढत होतं आणि लाज दुसरीकडे. चेहरा पार उतरला बिचाऱ्याचा.

बिचारा, असं हेमांगीच्याही मनात आलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

एका दुपारी ती पोळ्या लाटत होती. निखिलराव दारात येऊन उभे राहिले. पाणी मागितलं नाही. "हेमा," म्हणाले, आणि पुढे काही म्हणता येईना. त्यांचा हात थोडासा पुढे आला आणि परत गेला, कारण आपला हात झिडकारला तर काय होतं, ते आता त्यांना कळत होतं. तसेच मागे वळून ते निघून गेले. तव्यावरची पोळी करपली. हेमांगीच्या पोटात काहीतरी सैल झालं, अगदी थोडं, पण तिला स्पष्ट कळलं. कुठल्याही टोपीशिवाय, सुईशिवाय. दहा वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, या माणसाजवळ जाऊन बसावं. उद्या बसू, असं तिने ठरवलं. उद्या ते बोलतील, नाहीतर आपणच बोलू. तिने अंगावर ठेवणीतली निळी साडी नेसायचंही ठरवलं आणि स्वतःशीच लाजली. छप्पन्न वर्षांची बाई!

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलराव लवकर बाहेर पडले. जेवायच्या वेळेला परत आले ते शीळ घालतच. हात धुऊन पानावर बसले आणि म्हणाले, "वाढ गं, कडकडून भूक लागलीय."

निळी साडी नेसलेली हेमांगी ताट घेऊन उभी होती. "कुठे गेला होतात?"

"मिरजेला. सोसवेना बघ मला. तारकर्लीचं ते आठवलं की घास उतरायचा नाही, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या पोरीपुढे मी लहान मुलासारखा रडलो, सांगायला लाज नाही मला. ती म्हणत होती, काका, आठवडाभर थांबा, आधी काकूंशी बोला. मी म्हटलं, थांबायचं कशाला, उपाय आहे तर?" त्यांनी भातावर आमटी ओतून घेतली. "काढून टाकलं. आता सगळं आठवतंय बघ, तुझा हात, माझं बोलणं, सगळे कसे हसले ते. पण काही वाटत नाही. मोकळा झालो."

काही वाटत नाही म्हणजे काय, ते हेमांगीला नेमकं माहीत होतं. तिने पळी खाली ठेवली.

"तुम्ही माझ्याशी बोलणार होतात," ती म्हणाली. "काल दारात. काय म्हणणार होतात?"

निखिलरावांनी घास चावता चावता आठवून बघितलं. "माफी मागणार होतो," ते म्हणाले. "मागतो की. त्यात काय एवढं? माफ कर हं, हेमा."

त्यांनी डाव्या हाताने तिच्या साडीचा पदर चिमटीत धरून कौतुकाने बघितला आणि डोळे मिचकावले. हेमांगीचं अंग पुन्हा लाकूड झालं.

"आणखी भात घ्या," ती म्हणाली, आणि वाढायला वाकली.